मामींच्या कोंबड्यांचा बंदोबस्त

कोंबड्या पाळायच्या हा विचार माझा नव्हता. त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी होती, आणि ती चुकली असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी आधी स्वतःच्या घराचे कडीकोयंडे तपासून यावेत. मग बोलू.

माझ्या सासूबाई, चंद्रभागामामी, इगतपुरीच्या पलीकडं एका वाडीत एकट्या राहत होत्या. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. मागच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या ओट्यावरून त्यांचा पाय घसरला, आणि पार दुपार कलेपर्यंत त्या तशाच पडून होत्या. तिकडं पाऊस लागला की शेजारी शेजाऱ्याला दिसत नाही. तेव्हापासून सुवर्णानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आईला इकडं आणायचा धोशा लावला होता. मामी काही दाद देईनात. लेकीच्या घरी पाहुणं म्हणून जावं, बिऱ्हाड घेऊन जाऊ नये, असं त्यांचं ठाम मत. शेवटी गुडघ्याच्या औषधपाण्यापुरतं येते, या बोलीवर दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात त्या नाशिकरोड स्टेशनवर उतरल्या. एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात फडक्यानं बांधलेलं मोठं डालगं. डालग्यात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा.

मी डालगं घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिलं नाही. रिक्षात बसल्यावर मात्र त्या माझ्याकडं न बघता, समोरच्या मीटरकडं बघत म्हणाल्या, "जावईबापू, ही पाखरं म्हातारबाच्या हातची हायेत. यातलं एक जरी कमी झालं, तर मी समजंल का इथलं पाणी आमाला मानवत नाय. मी माझी घरला जाईन."

सुवर्णानं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा पाहण्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

मला अर्थातच काळजी वाटली नाही. मी नाशिकरोडच्या ज्या सरकारी कारखान्यात सुपरवायझर होतो त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाशिकरोडकराला ते सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगितलं की तो लगेच नमुना म्हणून एखादी नोट मागतो. एवढंच सांगतो, की तिथून कागदाचा कपटासुद्धा बाहेर जात नाही. जाताना झडती, येताना झडती, दाराला दोन कुलपं आणि दोन कुलपांच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडं. अशा शिस्तीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला सहा पाखरांची राखण म्हणजे हातचा मळ. तसं मी त्याच संध्याकाळी घरात बोलूनही दाखवलं. मामी ऐकून घेत होत्या. सुवर्णा म्हणाली, आधी खुराडं तर करा.

आमचं घर जेलरोडच्या टोकाला. पुढं रो-हाउसची रांग, मागं एक छोटं परसू, परसाच्या भिंतीपलीकडं यशोदाबाईंचा झेंडूचा आणि मेथीचा तुकडा, आणि त्याच्यापलीकडं नदीपर्यंत ऊस. परसात मी जुन्या फळ्यांचं एक भक्कम खुराडं केलं. सुतार न लावता केलं, त्यामुळं ते किंचित डावीकडं झुकलेलं होतं. पण सुरक्षेच्या दृष्टीनं सरळ उभं असणं महत्त्वाचं नसतं. महत्त्वाची असतात कुलपं. मी दोन लावली. एका कुलपाची किल्ली माझ्याकडं, दुसऱ्याची सुवर्णाकडं. दोघांपैकी कुणीही एकटा खुराडं उघडू शकणार नाही, ही त्यातली खुबी.

दुसऱ्याच दिवशी माझी पहिली पाळी होती. मी पहाटेच निघालो, आणि माझ्याबरोबर माझी किल्लीही निघाली. सकाळी ऊन चढलं, खुराड्यात कोंबडा ओरडून ओरडून बसला, मामी कुलपापाशी पाण्याची वाटी घेऊन बसल्या आणि सुवर्णानं मला कारखान्यात फोन लावला. आता, पाळी सुरू झाल्यावर आमच्या गेटमधून बाहेर पडणं ही काय चीज आहे ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. गेटवरच्या अधिकाऱ्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, घरगुती. तो म्हणाला, घरगुती म्हणजे कोण आजारी? मी म्हटलं, आजारी कुणी नाही, आत अडकलेत. किती जण? सहा. तो ताडकन उभा राहिला आणि अग्निशामक दलाला फोन करायला निघाला. तेव्हा मला खरं कारण सांगावं लागलं. त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत, गेटवर कुणालाही लवकर जायचं असलं की, "काय, कोंबड्या उघडायच्यात का?" असं विचारायची पद्धत पडली. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मोठ्या संस्थांत नवीन पद्धती कुणामुळं तरी पडतातच.

दोन कुलपांची व्यवस्था मी स्वतःहून मागं घेतली. आणि त्यानंतर अंडी जायला लागली.

खुराड्यात अंडं घातल्याची आरोळी कोंबडी ठोकायची, मामी लगबगीनं जायच्या, तोवर तिथं नुसती टरफलं. आमच्या डाव्या हाताला राहणारे फकिरा निकम चौकशीला आले. फकिराभाऊ रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. माणूस लाखात एक, पण उभं आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यातून जग पाहिलेलं असल्यामुळं त्यांना सगळं मागं पडल्यावर दिसतं, आणि दिसलं की ते खात्रीनं सांगतात. त्यांनी टरफल उन्हात धरून पाहिलं आणि हे घुशीचं काम असल्याचं जाहीर केलं. भिंतीपलीकडून यशोदाबाई म्हणाल्या, घूस कशाची, बोका असंल. फकिराभाऊंनी मग एकदम बोक्याची बाजू घेतली आणि बोका लाल रंगाला भितो असं सांगून आपल्या नोकरीतला लाल बावटा आणून खुराड्यावर लावला. बोका भ्यायला की नाही ते कळलं नाही. कोंबड्या मात्र भ्यायल्या आणि दिवसभर पेरूच्या झाडाखाली दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

मी सल्ल्यांवर चालणारा माणूस नाही. मी जाळी आणली. खुराड्याभोवती परसाचा एक कोपरा धरून खांब ठोकले, जाळी ताणली, वरूनही टाकली. घार, कावळा, बोका, कुत्रा, सगळ्यांचा विचार त्यात झालेला होता. काम झाल्यावर मी मामींना बोलावून जाळी हलवून दाखवली. त्या म्हणाल्या, झ्याक हाय. त्यांच्याकडून जावयाला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. पुढं चार दिवस घरात वातावरण इतकं चांगलं होतं, की मामींनी गुडघा दुखत असतानाही मला शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटून घातली.

मग एका सकाळी परसातून कालवा ऐकू आला. मी धावत गेलो तर जाळीच्या खालून, जमीन उकरून, पंजा जाईल एवढं भगदाड पडलेलं. जाळी जागच्या जागी, खांब जागच्या जागी, फक्त जमीन गेलेली. आणि मामींच्या मांडीवर तांबडी कोंबडी, तिच्या पायाला रक्त. मामी हळद दाबत होत्या. हळद लावून झाली, चिंधी बांधून झाली, आणि मग आत जाऊन त्या आपलं बोचकं आवरायला लागल्या.

सुवर्णानं स्वयंपाकघरात मला धरलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, की आई परत गेली आणि परत तशी पडली, तर या वेळी कोण बघणार आहे? मी मामींकडं गेलो आणि म्हणालो, मला थोडे दिवस द्या. कोंबडी जिवंत आहे, म्हणजे अजून एकही कमी झालेली नाही. हा मुद्दा कायद्याला धरून होता. मामींनी विचार केला आणि बोचक्याची गाठ सोडली. पूर्ण नाही, अर्धी.

शत्रू जमिनीतून येतो म्हटल्यावर जमिनीचाच बंदोबस्त करणं भाग होतं. मी गवंडी बोलावला, जाळी तात्पुरती काढून ठेवली आणि खांबांच्या आतल्या सगळ्या जागेत सिमेंटचा जाड कोबा घालायला सांगितला. गवंडी म्हणाला, एवढा कशाला, याच्यावर उद्या मजला चढवता येईल. मी म्हटलं, चढव म्हटलं तर चढवशील का? मग काम कर.

वाळू गल्लीत पडली आणि वाळू पडली की महापालिका येते. विभागीय कार्यालयातला एक माणूस सायकल टेकवून आत आला, कोब्याकडं पाहून म्हणाला, बांधकामाची परवानगी दाखवा. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. एका टेबलावर सांगितलं, कोंबड्या म्हणजे आरोग्य. आरोग्यवाल्यांनी विचारलं, कोंबड्या आजारी आहेत का? तांबडीचा पाय सोडला तर नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. मग आमच्याकडं नाही, बांधकामाकडं जा. बांधकामाच्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, आत माणूस राहणार आहे का? मी म्हटलं, नाही. मग हे निवासी नाही. धंदा करणार आहात का? नाही. मग व्यापारी नाही. निवासीही नाही आणि व्यापारीही नाही असं काही आमच्याकडं बांधलंच जात नाही, असं म्हणून त्यांनी चहा मागवला. चहा माझ्यासाठीही मागवला, हे मला नमूद केलंच पाहिजे. निघताना ते आपुलकीनं म्हणाले, साहेब, सिमेंट ओलं असेपर्यंत ते नवीन बांधकाम असतं. सुकलं की जुनं होतं. सुकू द्या.

मी घरी येऊन तेच केलं. सुकू दिलं. आणि गवंड्यानं त्या संध्याकाळी शेवटचा थर दिल्यावर दुसऱ्याच सकाळी कोब्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंजे उमटलेले दिसले.

पंजे चांगलेच मोठे होते. कोंबड्या त्या रात्री न्हाणीघरात असल्यानं वाचल्या होत्या. फकिराभाऊ लुंगीवरच आले, खाली वाकले, आपला हात पंजाशेजारी धरून पाहिला, आणि उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, "बिबट्या."

त्या एका शब्दानं जेलरोडचं काय झालं ते सांगत नाही. उसात बिबटे होतेच, पळसे-चेहेडीच्या बाजूला शेळ्या गेल्याच्या बातम्या पेपरात येतच होत्या, त्यामुळं कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. तासाभरात आमच्या परसात गल्ली जमा झाली. ज्यांनी मला इतकी वर्षं नमस्कारही केला नव्हता, ते खांद्यावर हात ठेवून चौकशी करायला लागले. खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटलं. घुशीनं किंवा बोक्यानं माझ्या व्यवस्थेवर मात केली असती, तर ते मनाला लागलं असतं. बिबट्यापुढं कुणाचंच चालत नाही. त्यात कमीपणा नाही.

वनखात्याला फोन गेला आणि संध्याकाळी योगेश नावाचा तरुण वनरक्षक पिंजरा घेऊन आला. पिंजरा आमच्या बोळातून येईना. तो यशोदाबाईंच्या झेंडूतून आणावा लागला, त्यात त्यांचे दोन वाफे सपाट झाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी आणि बिबट्याशी सारखाच अबोला धरला. पिंजरा परसात बसल्यावर परसात दुसरं काही बसेना. योगेशनं सगळं समजावून दिलं. आत मागच्या बाजूला आमिष बांधायचं, जनावर आत आलं की मधल्या पाट्यावर पाय पडतो, दार वरून खाली येतं आणि आपोआप कुलूप लागतं. किल्ली त्याच्याकडं. कुणीही हात लावायचा नाही. मग त्यानं कोंबड्यांकडं पाहिलं आणि म्हणाला, आमिष म्हणून यातली एखादी चालेल, आतल्या कप्प्यात ठेवू, तिला काही होत नाही.

मामी खुर्चीतून उठल्या. गुडघ्याला हात न लावता उठल्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"माझी कोंबडी वाघाम्होरं बांधायची नाय," त्या म्हणाल्या. "त्यापरीस मीच बसते आत."

योगेश हसला, पण मामी हसत नव्हत्या. त्या खरोखरच पिंजऱ्याकडं निघाल्या होत्या. सुवर्णानं त्यांना दंडाला धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. घरातला कर्ता पुरुष म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "मामी, तुम्ही बसा. त्याची व्यवस्था मी करतो."

माझ्या मनात ब्रॉयलर कोंबडीच्या दुकानात जाऊन यायचं होतं. पण ते मी बोललो नाही, आणि त्या न बोलण्यातून पुढचं सगळं घडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुवर्णा मेन रोडला खरेदीला गेली होती. मामी जेवून आडव्या झाल्या होत्या. टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता, त्यामुळं सगळी गल्ली आपापल्या पंख्याखाली. मी परसात आलो आणि सहज पिंजऱ्याची पाहणी केली. आयुष्य दारांच्या सुरक्षिततेत गेलेल्या माणसाला एखादं दार तसंच सोडून देता येत नाही. मला तो पाटा जरा घट्ट वाटला. बाहेरून काठीनं दाबून पाहिला, दार हललं नाही. आत वीट टाकून पाहिली, तरी नाही. म्हणजे उद्या खरंच बिबट्या आला, आमिष खाऊन, तोंड पुसून निघून गेला, तर? ही त्रुटी वनखात्याच्या नजरेस आणून देणं मला नागरिक म्हणून कर्तव्य वाटलं, आणि ती पुराव्यानिशी आणून द्यावी म्हणून मी आत गेलो आणि पाट्यावर पाय ठेवला.

पाटा घट्ट नव्हता. तो बिबट्याच्या वजनाला बेतलेला होता.

दार इतकं सफाईनं खाली आलं की पहिल्यांदा मला त्याचं कौतुकच वाटलं. मग कुलूप लागल्याचा आवाज आला. मी हाका मारल्या. त्याच वेळी कुणीतरी चौकार मारला असावा, कारण गल्लीभर टाळ्या झाल्या. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा टाळ्या. मग मी थांबलो. आपल्या संकटाला टाळ्या पडताना माणसानं ओरडू नये.

पिंजऱ्यात उभं राहता येत नाही. मी विटेवर बसलो. यशोदाबाईंचा तांबूस, थोराड कुत्रा भिंतीवरून उडी मारून आला आणि पिंजऱ्यासमोर बसून माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं मान खाजवायला मागचा पाय उचलला, आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यात वाळलेलं सिमेंट अडकलेलं मला दिसलं. ओल्या कोब्यावर पाय फाकतो, घसरतो, पंजा दुप्पट दिसतो. हे कळायला सोपं होतं, फक्त त्यासाठी निवांत बसायला मिळायला हवं होतं. म्हणजे बिबट्या नव्हताच. तो सरळसाधा कुत्रा उठला आणि निघून गेला.

मग अंडी कोण नेत होतं? याचा विचार करत मी कोब्याकडं बघत होतो. आपल्या कोब्याकडं मी पहिल्यांदाच जमिनीलगतून बघत होतो. भिंतीच्या बाजूला, मोरीच्या पाण्याच्या नळापाशी, कोब्याच्या कडेखाली एक काळी फट होती. त्या फटीतून आधी एक गुलाबी नाक आलं. मग लालसर डोळे. मग लांबलचक, राखाडी, अंग झाडत बाहेर आलेलं मुंगूस. त्याचं बीळ आधीपासून तिथंच असणार. मी त्याच्या घरावर सिमेंटचं पक्कं छप्पर घालून दिलं होतं, मजला चढवता येईल एवढं.

कोंबड्या परसात दाणे टिपत होत्या. मुंगूस पोट जमिनीला लावून निघालं, सरळ लंगड्या तांबडीकडं. मी ओरडलो. या वेळी मी माझ्यासाठी ओरडलो नव्हतो, आणि बहुधा म्हणूनच तो आवाज वेगळा निघाला असावा. मामी खराटा घेऊन बाहेर आल्या. मुंगसानं तांबडीचा पंख धरलेला, कोंबडा त्याच्या पाठीवर नाचतोय, आणि मी गजांतून हात बाहेर काढून, डावीकडून या, वाट अडवा, मोरीकडं जाऊ देऊ नका, असं सांगत होतो. मामींनी मी सांगितलं तसंच केलं. खराट्याचा फटका बसला, तांबडी सुटली, मुंगूस गरकन वळलं, आणि मोरीची वाट अडलेली पाहून जी एकच वाट मोकळी होती तिकडं धावलं. ती वाट गजांमधून माझ्या मांडीवर येत होती.

मुंगूस मांडीवर बसल्यावर माणसाला काय वाटतं ते मी सांगू शकतो, पण त्याला शब्द कमी पडतात. ते दोन पायांवर उभं राहिलं. त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. मीही पाहिलं. मग ते दुसऱ्या बाजूच्या गजांतून निघून कोब्याखाली आपल्या घरी गेलं.

मामींनी आधी कोंबड्या मोजल्या. सगळ्या होत्या. मग त्या वळल्या आणि तेव्हा कुठं त्यांना मी नीट दिसलो. वाघाच्या पिंजऱ्यात, आमिषाच्या जागी, विटेवर बसलेला, दार पडलेलं. त्यांच्या हातातला खराटा खाली आला. त्या हळूहळू पिंजऱ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी रागाच्या भरात बोलले. तुमी खरंच बसलात?"

मी खुलासा करणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण मुंगसामुळं घसा इतका सुकला होता की आवाज फुटला नाही, आणि आवाज फुटेपर्यंत मामी पदरात तोंड घालून रडत होत्या. सासरे गेले तेव्हाही ही बाई चारचौघांत रडली नव्हती. त्यातून मी काय खुलासा करणार?

एवढ्यात सामन्यात मध्यंतर झालं. फकिराभाऊ भिंतीवरून डोकावले, दार पडलेलं आणि आत काहीतरी हललेलं त्यांनी पाहिलं, आणि पुढं काही न पाहता वनखात्याला फोन केला, की बिबट्या सापडला. मग गल्ली आली. गच्च्या भरल्या. कुणीतरी दुर्बीण आणली होती. दुर्बिणीतून पाहणारा सगळ्यात आधी हसला आणि मग ते हसू गच्चीवरून गच्चीवर पसरत गेलं. कुलपाची किल्ली योगेशकडं आणि योगेश सिन्नरच्या बाजूला. कुणी म्हणालं, पहारीनं दार उचकटू. फकिराभाऊ म्हणाले, सरकारी पिंजरा आहे, खात्याचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही, उद्या तुमच्यावर येईल. मी इतका वेळ सांभाळलेली सगळी प्रतिष्ठा त्या गजांतून गळून चालली होती.

मामी उठल्या. पिंजऱ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि गच्च्यांकडं बघून म्हणाल्या, "माझ्या कोंबडीच्या बदली बसलाय तो. तुमच्यातला कोण बसला असता, त्यानं हसावं."

दुर्बीण खाली आली. थोड्या वेळानं कुणीतरी गजांतून चहा दिला, मग कुणीतरी उशी दिली. यशोदाबाईंनी वाफ्यांचा राग बाजूला ठेवून काकडी कापून पाठवली. फकिराभाऊ पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि मला उरलेल्या सामन्याची धावसंख्या सांगत राहिले. ऊन कललं तेव्हा योगेश आला. त्यानं कुलूप काढता काढता मला विचारलं, साहेब, तुम्ही आत कसे? माझ्याआधी मामींनीच उत्तर दिलं. तो पोरगा माझ्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं मोठ्या आदरानं मला हात देऊन बाहेर काढलं.

त्यानंच सांगितलं, की मुंगसालाही मारता येत नाही, पकडताही येत नाही, कायदा आहे. मामी म्हणाल्या, मारायचं कशाला, सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. तेव्हा कोबा त्याचा त्याच्याकडंच राहिला. मी खुराडं उचलून जुन्या लोखंडी खाटेवर बसवलं आणि खाटेच्या पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला. ही रचना पूर्णपणे माझी आहे आणि आजवर तिच्यावर कुणीही चढू शकलेलं नाही. दिवसा कोंबड्या सोडायच्या तेव्हा मामी खराटा घेऊन राखणीला बसायला लागल्या. वर कोंबड्या आणि खाली मुंगूस असं आमचं परसू झालं. महापालिकेचा माणूस पुन्हा आला होता. कोबा सुकलेला पाहून परत गेला.

मामींनी बोचकं कधी सोडलं ते कळलं नाही. एक दिवस त्यांची लुगडी सुवर्णाच्या कपाटात दिसली, आणि पावसाळा लागला तेव्हा परत जायचं नावही निघालं नाही.

सुवर्णा त्या रविवारी संध्याकाळी घरी आली होती. तिनं सगळी हकीकत आईच्या तोंडून ऐकली. नंतर पिंजरा उचलताना ती परसात उभी होती. तिनं आतली वीट पाहिली, काठी पाहिली, मग मला पाहिलं, आणि दोन्ही उचलून भिंतीपाशी ठेवून दिल्या.

पुढं गणपतीत मामींच्या गावची माणसं आमच्याकडं जेवायला आली. वाडीत ती हकीकत कधीच पोहोचली होती, आणि वाटेत तिच्यात बिबट्याही शिरला होता. तो पिंजऱ्याभोवती फिरला, गजांतून माझा वास घेऊन गेला, अशी ती आता झाली होती. जेवता जेवता त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, की पाव्हणं, खरं सांगा, वाघ समोर आला तवा भ्या वाटलं नाय का?

पंगत थांबली. मामी वाढता वाढता उभ्या राहिल्या होत्या.

मी घास गिळला आणि म्हणालो, "वाघाचं काही वाटलं नाही. तांबडीच्या पायाची काळजी होती."

मामींनी डोळ्याला पदर लावला. सुवर्णानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, आणि गुपचूप मला आणखी एक भाकरी वाढली.